मी पडले नाही, बसले

ताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीवरून दोन बोटं फिरवायच्या. दाराची चौकट, मग पॅसेजची भिंत, मग चपलांचं कपाट, मग सोफ्याची पाठ, अशी ती दोन बोटं पुढे आणि त्यांच्या मागून ताई. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आम्हा मराठी बायकांत यावरून त्यांना 'सॅनिटरी इन्स्पेक्टर' असं नाव पडलं होतं. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलीने तर हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मला फोन केला. "त्या बोट फिरवणाऱ्या ताई पण येणारेत का? म्हणजे मी टीव्हीच्या मागचंही पुसून घेते."

ताईंना कुणाच्या घरच्या धुळीशी काही देणंघेणं नव्हतं. बोटं टेकवली नाहीत तर त्यांचा तोल जायचा, एवढंच. पण हे मला कळायला वर्ष गेलं, आणि मी तर त्यांची सख्खी शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. मी आइंडहोवनच्या एका कंपनीत चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करते. ते मशीन केसाच्या हजाराव्या भागाइतकं हललं तरी आमच्याकडे धावपळ होते. शेजारची अख्खी बाई हलते, ते मात्र दिसलं नाही.

पहिल्यांदा त्यांना पडताना पाहिलं ते मागच्या अंगणात. त्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या आणि मी कुंपणापलीकडे गवत कापत होते. दोन्ही हात वर, मान वर, तोंडात चिमटा, आणि बघता बघता ताई दिसेनाशा झाल्या. मी कुंपणावरून डोकावले तर त्या लॅव्हेंडरच्या मोठ्या कुंडीत अंग चोरून बसलेल्या, चिमटा अजून तोंडातच.

"ताई! पडलात?"

"पडले नाही गं. बसले."

"कुंडीत?"

"जागा मिळेल तिथे बसावं माणसाने," म्हणाल्या आणि मला हात देऊ दिला नाही. कुंडीची कड धरून, गुडघा टेकून, सावकाश स्वतःच उठल्या. त्यांच्या साडेचार फुटांच्या देहात साडेपाच फुटांचा ताठा होता.

दुखणं होतं फायब्रोमायल्जिया. नाव उच्चारतानाच माणूस निम्मा थकतो. सगळं अंग दुखतं, आठ तास झोपून उठलं तरी न झोपल्यासारखं वाटतं, डोकं मधूनच धुकं पडल्यासारखं होतं आणि पाय जमिनीवर आहेत याची शरीराला खात्री राहत नाही. इथे फॅमिली डॉक्टरला हाऊसआर्ट्स म्हणतात आणि त्याच्या पोतडीत पॅरासिटामॉल नावाचं एकच औषध असतं, असं आपल्या लोकांत म्हणतात. ताईंनी ते तीन वर्षं घेतलं. तीन वर्षं रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळं नॉर्मल. "इतके चांगले रिपोर्ट," त्या म्हणायच्या, "दहावीला मला असे मार्क असते तर बाबा रडले असते." शेवटी एका स्पेशालिस्टने दुखण्याला नाव दिलं आणि फिजिओकडे पाठवलं. फिजिओ त्यांना जमिनीवरच्या पट्टीवरून टाचेला बोटं लावत चालवायचा. मग एका पायावर उभं करायचा, मग तेच डोळे मिटून. एकदा त्या चार सेकंद उभ्या राहिल्या तर त्याने टाळ्या वाजवल्या. ताई खूश. "चाळिशीनंतर टाळ्या मिळवायला एवढंच पुरतं बघ."

दोष मात्र त्यांनी स्वतःच्या पायांना कधी दिला नाही. कधी चप्पल वाईट असायची, कधी सतरंजी, आणि बहुतेक वेळा जमीन. "या घराची जमीनच तिरकी आहे," हे त्यांचं ठाम मत. देश कसा, तर पोळपाटासारखा सपाट, टेकडी दाखवायला मुलांना सहलीला न्यावं लागतं. नाचता येईना अंगण वाकडं हे मी ऐकलं होतं, पण अख्खं नेदरलँड्स वाकडं ठरवणारी बाई पहिल्यांदाच पाहिली.

आणखी एक. ताईंना चालता चालता बोलता यायचं नाही. बोलायचं झालं की त्या थांबायच्या, समोरच्याकडे पूर्ण वळायच्या, मग वाक्य पूर्ण करायच्या आणि मग पुढचं पाऊल. आम्हाला वाटायचं, काय रुबाब आहे बोलण्याचा! त्यांच्याबरोबर कालव्याकाठी फिरायला गेलं की दहा मिनिटांच्या रस्त्याला चाळीस मिनिटं लागायची, कारण ताईंकडे बोलायला पुष्कळ असायचं. पुढे फिजिओनेच मला सांगितलं की हे दुखणं असलेल्या बायकांच्या शरीराला एका वेळी एकच काम जमतं. चालायचं तर चालायचं, बोलायचं तर बोलायचं. ताईंनी दोन्हींपैकी बोलणं निवडलं होतं.

सुपरमार्केटात कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची असली तरी त्या सगळ्यांत मोठी ट्रॉली घ्यायच्या आणि तिच्या दांड्यावर रेलून विमानतळावर आल्यासारख्या चालायच्या. "ताई, जुडीला एवढी गाडी?" मी चिडवायचे. "जुडीला नाही, मला," त्या म्हणायच्या. मी हसायचे. खरं उत्तर तोंडावर मिळालं होतं आणि तेही मी विनोदात जमा केलं.

गणपतीत तर कहर झाला. आरती संपताना सगळे डोळे मिटून, हात जोडून स्वतःभोवती गिरकी घेतात. ताई इतकी वर्षं ती भिंतीला पाठ लावून, डोळे उघडे ठेवून अर्धीमुर्धी घ्यायच्या. त्या वर्षी हॉल भरला होता, भिंत मिळाली नाही आणि भक्तीच्या भरात डोळे मिटले. अर्ध्या गिरकीत ताई मूर्तीसमोर सपशेल आडव्या.  मग मागून एक आजोबा गहिवरून म्हणाले, "वा! याला म्हणतात लोटांगण." आणि चार बायका त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या. ताई जमिनीवरूनच मला म्हणाल्या, "आता लगेच उठता येणार नाही गं, बरं दिसत नाही." दोन मिनिटं सुखाने पडून राहिल्या. घरी जाताना म्हणाल्या की कित्येक दिवसांत इतका आराम मिळाला नव्हता.

शुक्रवार माझा सुट्टीचा वार. मुलगी शाळेत गेली की मी ताईंकडे चहाला जायचे. चहा हे नुसतं नाव. ताईंकडे कधी कांदेपोहे, कधी साबुदाण्याचे वडे, कधी उकडपेंडी, आणि इस्त्रीचा कुडता घातलेल्या ताई. मी टेबलाशी बसून ऑफिसची गाऱ्हाणी सांगायचे आणि त्या ओट्याला कंबर टेकून, एक हात फ्रिजच्या दांड्यावर ठेवून, माझ्या बॉसला अस्सल सदाशिवपेठी शेलकी विशेषणं द्यायच्या. मी "ताई, बसा ना" म्हटलं की "तू खा गं, मी दिवसभर बसलेलीच असते." साडेतीन वर्षं माझे शुक्रवार असे गेले. परदेशात माहेर मिळालं म्हणून मी आईला फोनवर सांगायचे.

उरलेल्या दिवसांत ताई सायकलवरून गावातल्या लायब्ररीत जायच्या. हातात दांडा असला की त्यांचा तोल राहायचा. तिथे मंगळवारी आणि गुरुवारी नव्याने आलेल्या लोकांना फॉर्म भरायला मदत करायच्या. इथल्या नगरपालिकेला खेमेंटे म्हणतात आणि तिचे फॉर्म वाचून भल्याभल्यांना घाम फुटतो. ताईंचं डच शाळेतल्या पुस्तकासारखं होतं, हळू पण शुद्ध. मराठी असो, सीरियन असो, पोलिश असो, सगळ्यांना त्यांचा एकच मंत्र. "जे दुखतंय ते लिहा. लाजू नका. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही तर खेमेंटे आहे." माझी घरमालकाशी भाड्यावरून भानगड झाली तेव्हाचा पहिला अर्जही त्यांनीच लिहून दिलेला. लायब्ररीतून आलेल्या ताई वेगळ्याच दिसायच्या. थकलेल्या असायच्या, पण चेहऱ्यावर कमावून आणल्यासारखं तेज असायचं.

मग एका मंगळवारी त्या सायकलवरून पडल्या. सिग्नलला थांबताना पाय टेकवायचा तो टेकलाच नाही. "पडले नाही, बसले" हे या वेळीही म्हणाल्या, पण मनगट प्लास्टरमध्ये होतं. सायकल मागच्या खोलीत गेली आणि त्यांची लायब्ररी बंद झाली. बसस्टॉप लांब, चालत जाणं झेपेना, आणि घरातला जिना तर कुणा डचाने शिडीला गालिचा लावून तयार केलेला. न्हाणीघर वर, स्वयंपाकघर खाली. ताई दिवसातून एकदाच जिना उतरायच्या आणि एकदाच चढायच्या.

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, मशीन बसवायला महिन्यातले पंधरा दिवस तैवानला. त्यांनी एका रविवारी माझ्यादेखतच विषय काढला. "आता पुण्याला जाऊ या. स्वयंपाकाला बाई, धुण्याला बाई, आई आहे, वहिनी आहे. तुला काही करावं लागणार नाही."

ताई बोलायला उठल्या, टेबलाची कड धरली. "तेच तर. मला काही करू देणार नाहीत. सोफ्यावर बसवतील, हातात रिमोट देतील आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतील, हिचं असं झालंय. मला लायब्ररीत जायचंय. मला तीन चाकांची सायकल मिळते का बघू द्या. खेमेंटे देते. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून देतात."

भाऊजी म्हणाले, "आणि नाही दिली तर?"

"तर पुणे," ताई म्हणाल्या. 

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, मोत्यासारख्या अक्षरात. उत्तर आलं की आमच्या बाई घरी येऊन तुमच्याशी बोलतील, तुमचा दिवस कसा जातो ते बघतील. इथे याला स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं बोलणं म्हणतात. बिनधास्त बसायचं आणि काय जमत नाही ते सांगायचं, इतकं साधं.

पण घरी बाहेरचं माणूस येणार म्हटल्यावर ताईंमधली मराठी गृहिणी जागी झाली. तीन दिवस आधीपासून घर घासायला घेतलं. पडदे धुतले. जिन्याच्या पायऱ्या बसत बसत पुसल्या. मला खिडक्या पुसायला लावल्या आणि मीही उत्साहाने पुसल्या. बटाटेवड्यांचं सारण सकाळी सहाला तयार. पंधरा वर्षांची सई, त्यांची मुलगी, शाळेला जाताना दारात थांबून म्हणाली, "ममा, शी इज नॉट अ गेस्ट." ताई म्हणाल्या, "घरी येतो तो पाहुणाच." आणि नारायणपेठी साडी नेसल्या. साडीत त्यांचं पाऊल अडकतं म्हणून एरवी सणालासुद्धा नेसायच्या नाहीत.

खेमेंटेची बाई उंच, गोरी, सायकलवरून आलेली. एक बिस्किट आणि काळी कॉफी मिळेल अशा तयारीने आली होती. तिला सहा वडे, ओली चटणी, तळलेल्या मिरच्या आणि वर दाणेदार साजूक तुपातला शिरा मिळाला. तिने विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?" ताई अभिमानाने म्हणाल्या, "मी." "साफसफाई?" "मीच." "जिना चढता येतो?" ताई उठल्या, निऱ्या उचलल्या आणि चढून दाखवला. परत उतरूनही दाखवला. "मग त्रास नेमका काय होतो?" ताई हसून म्हणाल्या, "थोडं दुखतं. चालायचंच." एखादा शब्द अडला तर दुभाषी म्हणून मी शेजारी बसले होते. चहापेक्षा किटली गरम, तशी मी न विचारता पुस्ती जोडली की ताईंसारखी सुगरण साऱ्या बेस्टमध्ये नाही.

ती गेल्यावर मीही समाधानाने घरी गेले. काम झालं असं मला वाटलं. बाईने वडे बांधून नेले होते ना!

तीन आठवड्यांनी पत्र आलं. लिहिलं होतं की अर्जदार घर स्वतः उत्तम सांभाळतात, जिना सफाईने वापरतात, सबब सायकल आणि कठड्याची गरज दिसत नाही. शिवाय मदतीला एक तत्पर शेजारीण उपलब्ध आहे. म्हणजे तीन चाकांच्या सायकलऐवजी खेमेंटेने ताईंसाठी मलाच मंजूर केलं होतं.

ताईंनी पत्राची नीट चौकोनी घडी केली. "हात दाखवून अवलक्षण," एवढंच म्हणाल्या. जगाला रडायला शिकवणाऱ्या ताई स्वतःच्या पाळीला वडे तळत बसल्या, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. भाऊजींनी पुण्याच्या शाळेत सईसाठी चौकशी सुरू केली.

हरकत घ्यायला मुदत होती. आता सूत्रं मी हातात घेतली. हरकतीचं पत्र पाठवलं, फिजिओचं पत्र जोडलं, आणि तीच बाई पुन्हा येणार असं कळल्यावर ताईंना लेखी यादीच दिली. आठ दिवस झाडू नाही. फरशी नाही. इस्त्री नाही. घरातलीच ट्रॅकपँट. वडे नाहीत, शिरा नाही, मुखशुद्धीलाही काही नाही. ताईंनी यादी वाचली. "आणि तिला पाणी विचारलं तर चालेल?" मी म्हटलं, "पाणी चालेल. पण तिचं तिला घेऊ द्या."

बाई येणार त्या दिवशी सकाळी मी जाऊन पाहते तर ओटा लख्ख, सिंक कोरडं, टेबलावर फुलं. "आठ दिवस नाही केलं गं," ताई नजर चुकवत म्हणाल्या. "आजचंच तेवढं केलं." माझं डोकंच फिरलं. तडक घरी गेले आणि माझ्या घरची खरकटी भांडी मोठ्या पिशवीत भरून आणली. करपलेली कढई, पिठाची परात, दुधाचं पातेलं. ताईंच्या सिंकमध्ये रचून ठेवली. फुलदाणी कपाटात लपवली. ताई हबकून बघत होत्या. "तुझी कढई माझ्या सिंकमध्ये? ती बाई म्हणेल, ही कढई अशी ठेवते?" मी म्हटलं, "म्हणू दे! तेच तर पाहिजे!" आणि मुलीला शाळेत सोडायला गेले.

परत आले तर खेमेंटेची बाई दारात सायकल लावत होती. आम्ही दोघी आत गेलो. ताई सिंकपाशी उभ्या. परात धुऊन झाली होती, पातेलं धुऊन झालं होतं आणि त्या माझी कढई घासत होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. एक हात कढईत, दुसऱ्या हाताने नळ गच्च धरलेला. "झालंच," म्हणाल्या, "एवढी एकच राहिली." मी कपाळाला हात लावला.

बाईने कढई त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर बसली. लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाली, "मला आज एकच विचारायचंय. मागच्या वेळी मी इथून गेले, दार लागलं. त्यानंतर तुम्ही काय केलंत?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने तोंड उघडलं तर बाईने हाताने मला थांबवलं.

"झोपले," ताई त्यांच्या हळू, शुद्ध डचमध्ये म्हणाल्या.

"कुठे?"

ताईंनी फ्रिज आणि टेबलाच्या मधली जमीन दाखवली. "इथे. जिना चढता येणार नव्हता. सोफ्यापर्यंत पण नाही."

"किती वेळ?"

"मुलगी शाळेतून आली तोवर. तिने उशी आणून दिली. संध्याकाळी नवऱ्याने वर नेलं. दोन दिवस केस विंचरले नाहीत. हात वर जात नव्हते."

"असं केव्हा होतं?"

"कुणी येऊन गेलं की."

"आणि किती वेळा येतं कुणी?"

ताई टेबलावरच्या न दिसणाऱ्या डागावरून बोट फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शुक्रवारी."

मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली आहेत, पण एका वाराचं नाव इतकं कधी लागलं नव्हतं. साडेतीन वर्षांचे पोहे, वडे, उकडपेंडी माझ्यासमोरून गेली. मी पोटभर खाऊन, मन मोकळं करून, भिंतीपलीकडे माझ्या घरी जात होते. ताई भिंतीच्या या बाजूला जमिनीवर आडव्या होत होत्या. मध्ये एकच वीट होती आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. मला लाज वाटली. ताईंचा रागही आला, हे कबूल करते.

बाई उठली. मग म्हणाली, "तुम्ही उठू नका. दार मी ओढून घेईन." तरी ताई अर्ध्या उठल्याच. तिने खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं आणि गेली.

मी रडत होते. "ताई, मला सांगायचं नाही का? एवढंच म्हणायचं होतं, आज येऊ नकोस."

"वा!" ताई म्हणाल्या. "शेजारणीला दारातून परत पाठवू? इतकी का माझी तब्येत बिघडलीय?" आणि हसल्या. हसता हसता त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. "अगं, तू यायचीस म्हणून मी गुरुवारी केस धुवायचे. तू नसतीस आली तर मी कशाला उठले असते?"  मी त्यांना सोफ्यावर नेऊन निजवलं आणि माझी भांडी उचलून घरी आले. कढई आतून चकचकत होती.

सायकल मंजूर झाली, कठडाही झाला, पंधरा दिवसांतून तीन तास साफसफाईला मदतनीस मिळाली. ती येणार त्याच्या आदल्या दिवशी ताई घर आवरायच्या, ते सोडा. पुण्याच्या शाळेची चौकशी थांबली. सायकल आल्यावरच्या पहिल्या मंगळवारी ताई निळ्या तीनचाकीवर बसून, मागच्या टोपलीत फॉर्मांची पिशवी टाकून लायब्ररीला निघाल्या तेव्हा मी मुद्दाम ऑफिसला उशिरा गेले. मी दारातून जोरजोरात हात हलवला. त्यांनी दांड्यावरून हात काढला नाही, बोलल्या तर मुळीच नाहीत. नजर समोर, आणि फक्त एकदा मान हलवली. सायकल चालवणं हे त्या क्षणी त्यांचं एकमेव काम होतं आणि ते त्या मन लावून करत होत्या.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर त्यांचा मेसेज आला. "आज येऊ नकोस. आडवी आहे." साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. मी तो मेसेज दहा वेळा वाचला. माझ्या नवऱ्याला दाखवला. त्याला काही कळलं नाही. न बोलावल्याबद्दल एवढा आनंद झालेली बायको त्यानेही पहिल्यांदाच पाहिली.

दोन वर्षांनी भाऊजींना द हेगला नोकरी मिळाली, प्रवास नसलेली, आणि ते लिफ्ट असलेल्या, जिना नसलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. सायकल बेस्टच्या खेमेंटेची, ती इथेच परत द्यावी लागली. तिकडे पुन्हा अर्ज, पुन्हा घरी येणारी बाई. त्या बाईला आपण चहासुद्धा विचारला नाही, असं ताईंनी फोनवर मोठ्या फुशारकीने सांगितलं. मग पाच मिनिटांनी परत फोन करून म्हणाल्या, "लिंबाचं सरबत दिलं होतं. चहा नाही दिला हे खरं आहे."

मी महिन्यातून एकदा विचारते, येऊ का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नको गं, या आठवड्यात नको." गेल्या महिन्यात आलं, "ये. दार नुसतं लोटलेलं असेल."

ट्रॅममधून उतरून मी गेले. दार लोटलेलं होतं. ताई खिडकीजवळच्या दिवाणावर पडलेल्या, अंगावर जुना गाऊन, केस विस्कटलेले, पायांवर शाल. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला नाही. "चहा तूच कर," म्हणाल्या, "मला अर्धा कप. साखर खालच्या फडताळात आहे. घरात खायला काही नाही." खरोखरच काही नव्हतं. ओट्यावर सकाळची भांडी तशीच होती आणि टेबलावर एक उघडा पेपर पडला होता.

मी फडताळं उघडत, साखर शोधत, ऑफिसचं काहीबाही मोठ्याने सांगत चहा केला. बाहेरून "हं, हं" येत होतं. मग ते यायचं थांबलं. दोन कप घेऊन बाहेर आले तर ताई झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, एक हात दिवाणावरून खाली लोंबत होता. त्यांच्या घरी मी इतकी वर्षं जात होते, पण त्यांना माझ्यासमोर झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांचा हात उचलून शालीत ठेवला. कप खिडकीत ठेवले आणि आवाज न करता त्यांच्या पायाशी बसून राहिले. मला कुठे जायची घाई नव्हती.